जुना ट्रॅक्टर घरीच उघडून, नीट करून रंगवायचाय? पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने

मी पहिला ट्रॅक्टर रंगवला तेव्हा तो सहा महिने असा चमकत होता की येणारा-जाणारा थांबून बघायचा. सातव्या महिन्यात गिअरबॉक्सच्या बाजूला एक फुगा आला, नखाने सहज उचलून बघितला तर वीतभर लांब पापुद्राच हातात आला आणि खाली साठ वर्षांचं तेल जसंच्या तसं. प्रायमरसकट सगळा रंग तेलावर बसला होता. मग परत खरवडा, परत धुवा, परत रंगवा. त्या वेळी मला कुणी फक्त एवढं सांगितलं असतं की रंगाचं काम शेवटच्या चार दिवसांचं असतं आणि त्याआधीचे चार महिने धुण्याघासण्यात जातात, तर माझं एक वर्ष वाचलं असतं. म्हणून हे लिहितोय. माझ्याकडे मॅसी फर्ग्युसन ३५ आहे, तीन सिलेंडरचं पर्किन्स डिझेल इंजिनवालं, त्यामुळे उदाहरणं तिथली येतील पण क्रम कुठल्याही जुन्या ट्रॅक्टरला तोच.

१. आधी ठरवा, रंगवायचाच आहे का

हे ऐकून हसाल, पण मूळ कारखान्याचा रंग निम्म्याहून जास्त शाबूत असेल, स्टिकर वाचता येत असतील, तर माझं स्पष्ट मत आहे की हात लावू नका. नीट धुवा, मशीन पॉलिशने हलकं घासा, गंजलेल्या जागी पातळसं उकळलेलं जवसाचं तेल पुसा आणि ट्रॅक्टर चालता करा. तो रंग परत आणता येत नाही आणि जुन्या मशीनच्या शौकिनांमध्ये अशा अंगच्या रंगाच्या ट्रॅक्टरला वेगळा मान आहे. रंग आधीच कुणीतरी ब्रशने फासलेला असेल, पत्रा सडलेला असेल, तर मग खुशाल पुढे वाचा.

दुसरं म्हणजे वेळ. रोज संध्याकाळी दोन तास आणि सुट्टीचा दिवस धरून मला सव्वा वर्ष लागलं. उघडलेला ट्रॅक्टर चालत्या ट्रॅक्टरच्या तिप्पट जागा खातो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

२. कागद आणि ओळख

पाना हातात घ्यायच्या आधी ही कागदपत्रं गोळा करा:

- मालकीचे कागद. ट्रॅक्टर विकत घेताय तर कागदांवरचा चेसिस नंबर प्लेटशी आणि इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेल्या नंबराशी जुळवून बघा. पैसे दिल्यानंतर जुळवण्यात काही अर्थ नाही.
- वर्कशॉप मॅन्युअल. कुठला बोल्ट किती आवळायचा, कुठली फट किती ठेवायची, हे त्यात असतं.
- पार्ट्स बुक. हे लोक घेत नाहीत आणि मला विचाराल तर मॅन्युअलपेक्षा हेच जास्त कामाला येतं, कारण त्यात प्रत्येक भाग सुटा करून चित्रात दाखवलेला असतो, वायसर स्प्रिंगच्या आधी की नंतर हे रात्री अकराला तेच सांगतं.

सीरियल नंबराची प्लेट बहुतेक ट्रॅक्टरवर डॅशबोर्ड किंवा स्टिअरिंगच्या आसपास असते. तिचा फोटो काढा, नंबर वहीत लिहा, मग प्लेट अलगद काढून डबीत ठेवा. तिच्यावर रंग मारणं हा गुन्हाच समजा.

नंबरावरून साल कळलं की मूळ रंग कळतो, आणि इथे भले भले फसतात. फर्ग्युसन टीई२० घ्या, १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांच्या वर बनला आणि सगळा राखाडी. (एडमंड हिलरी जानेवारी १९५८ मध्ये फर्ग्युसनच घेऊन दक्षिण ध्रुवावर पोचले, ते मात्र लाल रंगवलेले होते. तसा रंगवायचा असेल तर खाली बर्फ लागेल!) पुढे १९५६ ला फर्ग्युसन ३५ आला तेव्हा पत्रा राखाडी आणि इंजिन-गिअरबॉक्स तांबूस सोनेरी होतं, आणि १९५७ च्या शेवटी तोच मॅसी फर्ग्युसन नावाने आला तेव्हा पत्रा लाल आणि खालचं सगळं राखाडी. फोर्ड ८एन याच्या बरोबर उलटा, पोट लाल आणि पत्रा राखाडी. म्हणजे एकाच मॉडेलला वर्षभराच्या फरकाने वेगळा रंग असू शकतो.

खात्री करायची असेल तर ट्रॅक्टरलाच विचारा. सीरियल प्लेटच्या मागे, टाकीच्या खाली, डॅशबोर्डच्या आतल्या अंगाला, टूलबॉक्सच्या तळाशी ऊन पोचलेलं नसतं. तिथे कापसाला पॉलिश लावून हलक्या हाताने घासा, मूळ छटा दिसते. तो भागच रंगवाल्याकडे न्या आणि त्यावरून मॅच करून घ्या. मोबाईलमधला फोटो दाखवून रंग मॅच करू नका, प्रत्येक स्क्रीनवर लाल वेगळा दिसतो.

३. सामान

- रिंग पाने, सॉकेट सेट, टॉर्क पाना. आटे कुठले ते आधी बघा. इंची, व्हिटवर्थ आणि मेट्रिक तिन्ही वेगळे असतात. व्हिटवर्थ पान्यावर लिहिलेला आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याच्या मापाचा नाही, म्हणून अर्धा इंच लिहिलेला पाना अर्ध्या इंचाच्या डोक्याला बसत नाही आणि माणूस वेडा होतो. जवळपास बसतोय म्हणून मेट्रिक पाना घातलात तर डोकं गोल झालंच म्हणून समजा.
- मजबूत जॅक आणि किमान चार लोखंडी घोडे (ट्रॅक्टर टेकवायचे स्टँड). विटा, सिमेंटचे पोकळ ब्लॉक चालत नाहीत, ते न सांगता फुटतात.
- अँगल ग्राइंडर, त्याला वाटीच्या आकाराचा वायर ब्रश, हाताचे ब्रश, स्क्रॅपर, पॉलिश पेपर ८० पासून ४०० नंबरपर्यंत.
- कॉम्प्रेसर, पाणी अडवणारा फिल्टर, स्प्रे गन दोन. एक प्रायमरला १.७ किंवा १.८ एमएमच्या नोझलची, एक रंगाला १.३ किंवा १.४ ची.
- गॉगल, पूर्ण चेहऱ्याचं शिल्ड, नायट्राइलचे हातमोजे, धुळीचा चांगला मास्क आणि रंगासाठी वेगळा कार्बन फिल्टरचा मास्क. कापडी मास्क दोन्हीला निरुपयोगी.
- झिपच्या पिशव्या शंभरेक, न पुसणारा मार्कर, एक जाड वही. खरं सांगतो, सगळ्यात कामाची वस्तू ही पिशवीच.

४. फोटो आधी, पाना नंतर

तुम्हाला वाटतं की लक्षात राहील. नाही राहत. मी एका बाजूचे ब्रेकचे रॉड "अगदी सोपे आहेत" म्हणून तसेच काढले आणि नऊ महिन्यांनी बसवताना दोन संध्याकाळी घालवल्या. प्रत्येक भाग काढायच्या आधी तीन फोटो काढा: लांबून, जवळून, आणि उलट्या बाजूने. वायरिंगच्या प्रत्येक टोकाला टेपचा झेंडा लावून नाव लिहा. बोल्ट पिशवीत, पिशवीवर भागाचं नाव आणि "वरचे दोन लांब, खालचे आखूड" असं सविस्तर लिहायचं, नुसतं "इंजिन बोल्ट" लिहून काही उपयोग नाही, सगळेच इंजिनाचे असतात.

जुने पॅकिंग, फाटके सील, तुटकी क्लिप, काहीही नवीन बसेपर्यंत फेकायचं नाही. नमुना म्हणून लागतंच.

५. पहिली धुलाई

उघडायच्या आधी धुवा. नाहीतर भाग काढला की कडेची माती थेट आत पडते. सायलेन्सरचं तोंड, एअर क्लीनरचा पाइप, डिझेलच्या टाकीचं झाकण, ब्रीदर (इंजिनातली हवा बाहेर सोडणारं तोंड), डायनामो, सेल्फ हे सगळं प्लास्टिकने बांधून घ्या. मग स्क्रॅपरने सुका थर काढा, गिअरबॉक्सच्या खाली तर बोटभर जाडीचा असतो आणि तो नुसत्या फवाऱ्याने कधीच निघत नाही. त्यावर डिग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रावण) ब्रशने लावून अर्धा तास भिजू द्या, मग गरम पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर असेल तर ऑइल सील आणि रेडिएटरच्या जाळीवर जवळून मारू नका, जाळीची पाती लगेच आडवी होतात.

कॉस्टिक सोडा स्वस्तात मस्त काम करतो हे खरं पण तो अॅल्युमिनिअम खातो, आणि डोळ्यात गेला तर डोळा जातो. मी वापरत नाही. पेट्रोलने भाग धुणंही बंद करा, बंद शेडमध्ये एका ठिणगीचा खेळ आहे तो.

६. इंजिन फिरतं का बघा

रंगाच्या आधी इंजिन. नवीन रंगवलेल्या ट्रॅक्टरचं इंजिन खोलायची वेळ येणं यासारखं दुःख नाही.

वर्षानुवर्षं उभा ट्रॅक्टर असेल तर थेट सेल्फ मारू नका, आणि दुसऱ्या गाडीला बांधून ओढून चालू करायचा तर विचारही नको, जाम पिस्टन असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. सगळे नोझल, म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर, काढा (पेट्रोलवाला असेल तर प्लग), प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अॅसिटोन निम्मं निम्मं करून ओता आणि विसरून जा. चार दिवस, आठ दिवस. मधूनमधून क्रँकच्या पुलीच्या बोल्टला लांब पाना लावून पुढे-मागे हलकासा जोर द्या. हलला की घाई करू नका, एक मिलिमीटर पुढे, एक मागे, असंच सुटत जातं. माझं अकराव्या दिवशी सुटलं, आणि आवाज काहीच नाही, फक्त पाना अचानक हलका झाला. अॅसिटोन भयंकर पेट घेतं, तेव्हा तिथे बर्नर, सिगारेट काही नको.

मग इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, ऑइल बाथ एअर क्लीनरचं भांडं काढून तळातला गाळ खरवडून खुणेपर्यंत नवीन ऑइल भरा, टाकी साफ करा. नोझल बाहेर असतानाच सेल्फने फिरवून ऑइल प्रेशर येतंय का बघा. सेल्फ मारताना नोझलच्या भोकांसमोर कुणी उभं राहायचं नाही, आत ओतलेलं मिश्रण पिचकारीसारखं उडतं. त्यानंतर नोझल बसवून डिझेलची एअर काढायची: आधी फिल्टरवरचा बोल्ट ढिला करून फीड पंपाचा खटका हाताने मारत राहा, बुडबुडे थांबले की आवळा, मग डिझेल पंपावरचे एअर काढायचे स्क्रू याच पद्धतीने, आणि शेवटी नोझलच्या पाइपांचे नट अर्धा आटा ढिले ठेवून सेल्फ मारा, डिझेलच्या चिळकांड्या आल्या की आवळून टाका. नोझलच्या फवाऱ्यापुढे बोट कधीच नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत जातं, वरून टाचणी टोचल्यासारखंच दिसतं पण तासाभरात हॉस्पिटल गाठलं नाही तर बोट गमवावं लागतं.

अजून एक. पहिल्यांदा चालू करताना एअर क्लीनरच्या पाइपाच्या तोंडावर बसेल अशी सपाट फळी हाताशी ठेवा. डिझेल पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) जाम असेल तर इंजिन भडकतं आणि वेग वाढतच जातो, मग चावीने किंवा स्टॉपच्या नॉबने ते ऐकत नाही. फळी दाबली, हवा तोडली की बंद. हात लावू नका, ओढून घेतो.

७. उघडताना

बॅटरी सगळ्यात आधी. जी केबल चेसिसला जोडलेली आहे ती पहिली काढा, आणि लक्षात घ्या की बऱ्याच जुन्या ब्रिटिश ट्रॅक्टरना प्लस अर्थ असतं, म्हणजे चेसिसला प्लसची तार. कुठली होती ते वहीत लिहा. मागची हायड्रॉलिक लिफ्ट खाली सोडा. मग बॉनेट, टाकी, मडगार्ड, रेडिएटर या क्रमाने.

जाम बोल्ट: आधी किंचित आवळा आणि मग सोडवा, उलटं वाटतं पण गंज तिथेच फुटतो. नाही सुटला तर बर्नरने काळपट लाल होईपर्यंत तापवा, थोडा निवू द्या आणि साधी मेणबत्ती टेकवा, वितळलेलं मेण आट्यांत आपोआप ओढलं जातं. डोकंच तुटलं तर वर एक नट वेल्ड करून त्याला पाना लावा. पेट्रोल-डिझेलच्या टाकीजवळ यातलं काहीही करायचं नाही, आणि टाकी रिकामी असली तरी तिला घरी वेल्डिंग करायचं नाही, रिकाम्या टाकीतली वाफच फुटते. ब्रेक क्लीनरच्या स्प्रेने पुसलेल्या भागावरही वेल्डिंग नको, काही स्प्रेमध्ये क्लोरीनवालं द्रावण असतं आणि त्याचा तापून विषारी वायू होतो.

मागची चाकं. त्यात वजनासाठी पाणी भरलेलं असू शकतं, शे-दीडशे लिटर, आणि बऱ्याचदा त्यात कॅल्शिअम क्लोराइड घातलेलं असतं. असं चाक अंगावर आलं तर एकट्या माणसाला सावरत नाही. व्हॉल्व्ह खाली करून एक थेंब काढून बघा, पाणी असेल तर आधी रिकामं करा. त्याच मीठपाण्याने रिम व्हॉल्व्हच्या भोकाजवळ आतून सडते, तेव्हा टायर उतरवलात तर तिथे स्क्रूड्रायव्हरने ठोकून बघाच.

क्लचसाठी ट्रॅक्टर मधून दोन भागांत करायची वेळ आली तर एक गोष्ट जीवावर बेतणारी आहे. पुढचा एक्सल मधल्या एका पिनवर झुलतो. इंजिन गिअरबॉक्सपासून सुटलं की पुढचा अर्धा भाग त्या पिनवर एका अंगाला कलंडतो. म्हणून आधी एक्सल आणि त्याच्या वरचा ब्रॅकेट यांच्या मधे दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी घट्ट ठोका, दोन्ही अर्ध्यांखाली वेगवेगळे आधार द्या, आणि मगच शेवटचे बोल्ट सोडा. हे एकट्याने करू नका. मी तर गॅरेजवाल्या काकांना बोलावलं होतं, त्यांनी आल्या आल्या माझ्या पाचरी बघितल्या, एक शब्द न बोलता दोन्ही काढून जाड ठोकल्या आणि मग चहा मागितला.

क्लच प्लेट, ब्रेक लायनर आणि जुन्या पॅकिंगमध्ये फुप्फुसांना घातक असं अॅस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ हवेच्या पाइपाने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

८. गळती थांबवा

छोटी पायरी आहे पण माझा पहिला रंग इथेच गेला. नवीन ऑइल सील, नवीन पॅकिंग, डिझेलच्या पाइपांना नवीन तांब्याचे वायसर, सगळं रंगाच्या आधी. मग ट्रॅक्टर अर्धा तास चालवा आणि खाली पुठ्ठा टाकून रात्रभर उभा करा. सकाळी पुठ्ठ्यावर थेंब दिसला तर प्रायमरचा डबा उघडायचा नाही.

९. जुना रंग आणि गंज

१९७० च्या आधीच्या रंगात शिसं असायची दाट शक्यता धरून चाला. सुकं घासून त्याची धूळ घरभर करू नका, विशेषतः लहान मुलं असतील तर. पेंट रिमूव्हर लावून खरवडा किंवा पाणी लावून घासा, मास्क घाला, आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

सँडब्लास्टिंगबद्दल सगळे विचारतात. सुट्या रिम, वजनं, ड्रॉबार यांना उत्तम. बॉनेट-मडगार्डच्या पातळ पत्र्याला नको, उष्णतेने आणि माऱ्याने लाट येते, ती मग कशानेच जात नाही. आणि जोडलेल्या इंजिन-गिअरबॉक्सला तर अजिबात नको, कितीही बांधा, कण सीलच्या ओठाखाली शिरतातच. नदीची वाळू वापरणाऱ्यापासून लांब राहा, ती धूळ फुप्फुसात कायमची बसते.

छोट्या भागांना मला इलेक्ट्रोलिसिस आवडतं. प्लास्टिकच्या टबात पाणी, दर लिटरला एक चमचा धुण्याचा सोडा, साधा १२ व्होल्टचा चार्जर. मायनस भागाला, प्लस एका भंगार लोखंडी पट्टीला, दोघांचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. रात्रभरात गंज काळ्या चिखलासारखा सुटतो आणि चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. हे काम उघड्यावर करा कारण हायड्रोजन निघतो, आणि प्लसला स्टेनलेस स्टील लावू नका, पाण्यात विषारी क्रोमिअम उतरतं. बाहेर काढलेला भाग लगेच धुऊन, गरम हवेने सुकवून त्याच दिवशी प्रायमर. एक रात्र तसाच ठेवलात की सकाळी केशरी पावडर चढलेली असते.

१०. पत्राकाम

पोचे मागून ठोकून काढा, पुढून लांबी (पुट्टी) भरून झाकू नका. लांबीचा थर ३ मिलिमीटरच्या वर गेला की ट्रॅक्टरच्या थरथरीने तडे जातातच. बॉनेट घेताना एक छोटं चुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवा, जिथे धरत नाही तिथे आधीच्या कुणीतरी डब्बाभर लांबी कोंबलेली आहे. सडलेली कड कापून नवीन पट्टी वेल्डिंगचे सुटे-सुटे टाके मारत बसवा, एका जागी सलग वेल्डिंग केलं तर पत्रा ओढला जातो. आणि रंगाच्या आधी सगळा पत्रा एकदा ट्रॅक्टरवर चढवून बघा, भोकं जुळतायत का, बॉनेट मडगार्डला घासतंय का. नव्याने बनवलेले बाजारातले पत्रे बऱ्याचदा चार-पाच एमएम इकडे-तिकडे असतात आणि कानस रंगवल्यावर चालवायची नसते.

११. प्रायमर

आधी परत एकदा पुसणं. दोन फडकी: एकावर डिग्रीझर, दुसरं कोरडं, लगेच मागोमाग. सगळं झालं असं वाटलं की पांढरं फडकं ओतीव भागाच्या खाचेत, बोल्टच्या भोवती फिरवा. पिवळं झालं तर परत. मी दुसऱ्या वेळी सात वेळा केलं, सातव्यांदा पांढरं राहिलं.

उघड्या लोखंडाला एपॉक्सी प्रायमर माझ्या मते सगळ्यात भरवशाचा. रेड ऑक्साइड स्वस्त आहे, चालतो, पण तो ओल पूर्ण अडवत नाही, तेव्हा त्यावर रंग न मारता ट्रॅक्टर महिनाभर तसाच ठेवू नका. एपॉक्सीच्या डब्यावर पुढचा हात किती तासांच्या आत मारायचा ते लिहिलेलं असतं, ती वेळ टळली तर घासून मगच पुढे जायचं. पत्र्यावर एपॉक्सीनंतर सरफेसर (बारीक चरे भरणारा प्रायमर) मारून ४०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावत घासा. इंजिन-गिअरबॉक्सच्या ओतीव भागाला एवढं गुळगुळीत करायची गरज नाही, कारखान्यातही नव्हतं, त्याला साच्याचा खडबडीतपणाच शोभतो.

जुन्या रंगावरच मारत असाल तर आधी थिनर लावलेलं फडकं पाच मिनिटं त्यावर ठेवून बघा. जुना रंग सुरकुतला तर नवीन थराखालीही सुरकुतणार.

१२. रंग

सिंथेटिक इनॅमल की टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग? पहिल्यांदा करताय तर इनॅमल. सुकायला वेळ घेतं म्हणून ओघळ-बिघळ सावरता येतो, आणि जुन्या ट्रॅक्टरवर त्याची मऊ झिलई बरोबर दिसते. टू-के रंग कडक, टिकाऊ, डिझेल सांडलं तरी डाग नाही, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्याचा वास येत नाही, म्हणून फिल्टर संपला तरी कळत नाही, आणि एकदा फुप्फुसं बिथरली की आयुष्यभराचा दमा. बाहेरून ताजी हवा देणारा मास्क नसेल तर टू-के मारू नका. लोक इथे फसतात की आपलं तर इनॅमल आहे, पण इनॅमलमध्ये लवकर सुकावं म्हणून जो हार्डनर घालतात त्यातही बऱ्याचदा तेच असतं.

मास्किंगला एक पूर्ण दिवस द्या. ग्रीस निपल, शाफ्टचे चकचकीत भाग, ब्रीदर, रबरी पाइप, वायरिंग, गेज. टायरच्या कडेला खेळायचे जुने पत्ते रिमच्या आत खोचत गोल फिरा, टेपपेक्षा लवकर होतं. रेडिएटरच्या जाळीवर दाट रंग मारला तर पाणी तापतं, तिथे अगदी पातळ एकच हात.

मारायची पद्धत: कॉम्प्रेसरची टाकी रिकामी करून पाणी काढा, जमिनीवर पाणी शिंपडा म्हणजे धूळ उडत नाही, आणि ढगाळ दमट दिवशी सरळ सुट्टी घ्या. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंग पांढुरका पडतो. आधी खाचा आणि बोल्टच्या भोवती, मग मोकळे भाग. गन १५ ते २० सेंटिमीटरवर, कायम समांतर, अख्खा हात सरकवायचा, मनगट वळवायचं नाही, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. पहिला हात नुसता धुक्यासारखा, खालचा प्रायमर दिसला तरी चालेल. पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. पहिल्याच हातात पूर्ण झाकायचा मोह झाला की ओघळ आलाच. आलाच तर ओल्यात बोट लावू नका, पूर्ण सुकू द्या आणि वॉटर पेपरने घासून काढा.

रंगावर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडले तर कुठेतरी सिलिकॉन आहे, बहुधा टायरचं पॉलिश किंवा चकाकीचा स्प्रे. त्या शेडमध्ये तो डबाच ठेवू नका. मला ३ लिटर राखाडी आणि २ लिटर लाल लागला, पण एकाच बॅचचा थोडा जास्तच घ्या, नंतरचा डबा किंचित वेगळा निघतो. आणि इनॅमल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती सुकताना आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवा किंवा सुटी पसरून वाळवा.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डला साधा रंग पहिल्याच दिवशी जळतो. त्याला ६०० अंशांचा उष्णतारोधक रंग, तोही पातळ, आणि इंजिन आधी पाच मिनिटं, मग थंड करून दहा, मग वीस असं तापवत पक्का करायचा. या वेळी धूर आणि वास येतो, घाबरू नका.

१३. परत जोडणी आणि स्टिकर

इनॅमल हाताला सुकलं तरी आतून मऊ असतं, आठ-दहा दिवस हात लावू नका. बोल्ट आवळताना सॉकेटमध्ये पातळ प्लास्टिकचा तुकडा ठेवला की डोक्याचा रंग उडत नाही. चाकांचे नट मात्र रंगलेल्या जागेवर आवळले जातात, रंग दबला की ते ढिले होतात, म्हणून बसणीच्या जागेवरचा रंग खरवडा आणि पहिल्या तासाभराच्या चालण्यानंतर परत आवळा. अर्थची केबल बसते ती जागाही घासून उघडी करा, नवीन रंगवलेल्या ट्रॅक्टरचा सेल्फ फिरत नाही याचं दहातलं नऊ वेळा हेच कारण. पीटीओचं (मागची अवजारं फिरवणाऱ्या शाफ्टचं) कव्हर हरवलेलं असेल तर नवीन लावल्याशिवाय शाफ्ट फिरवू नका.

स्टिकरसाठी अजून दोन-तीन आठवडे थांबलात तर उत्तम. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून पत्र्यावर फवारा, स्टिकर त्यावर सरकवत जागेवर आणा आणि मधून बाहेरच्या बाजूला प्लास्टिकच्या पट्टीने पाणी काढा. माप उघडायच्या वेळी काढलेल्या फोटोवरून घ्या, अंदाजाने लावलेला स्टिकर दोन बोटं तिरका असतो आणि मग आयुष्यभर नजर तिथेच जाते.

उरलेल्या रंगाच्या डब्यावर रंगाचा कोड आणि तारीख लिहा, झाकण ठोकून बसवा आणि डबा उलटा ठेवा म्हणजे वर साय धरत नाही. तो लवकरच लागणार आहे. माझा तिसऱ्या दिवशी लागला, टॉपलिंकची पिन हातातून निसटून थेट डाव्या मडगार्डवर पडली.